हात खाली

माझ्या लेकीचं बोलणं फार स्वच्छ आहे, असं लोक मला आवर्जून सांगतात. लग्नाकार्यात सांगतात, बँकेत सांगतात, एकदा भाजीवाल्यानंही सांगितलं, की दीदीला ऐकू येत नाही असं वाटतच नाही. पूर्वी मी यावर फुगायचे. आता अंगाचा तिळपापड होतो. ते बोलणं मी घडवलं आहे, वर्षानुवर्षं, रोज तिला आरशासमोर बसवून. त्यापायी आम्ही काय घालवलं ते कुणाला दिसत नाही, म्हणून कौतुक करणं सोपं जातं.

आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी वर्ध्याकडचे, रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले आणि इथलेच झाले. सारी नोकरी त्यांनी यार्डात काढली, इंजिनाला डबे जोडण्या-तोडण्याच्या कामावर. यार्डातल्या धडधडाटात तोंडाचं काही चालत नाही. ड्रायव्हर लांब, डबा त्याहून लांब, मधल्या माणसानं हातांनी सांगायचं आणि ड्रायव्हरनं तसं इंजिन हलवायचं. दोन्ही हात सरळ वर केले की थांब. एक हात सावकाश वर-खाली केला की चल. डोक्यावर दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली की ये, डबा जोड. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नव्हती. गल्लीत कुणी कार मागं घेत असला की मामाजी मागं उभे राहून इशारे करायचे, आणि तो बिचारा गोंधळून भिंतीला घासून घ्यायचा.

लेक बहिरी आहे हे त्यांनीच आधी ओळखलं. तेव्हा आम्ही रेल्वे लाइनीजवळ भाड्यानं राहत होतो. इंजिनाची शिटी झाली तर पोर ढिम्म, पण मालगाडी जवळ यायला लागली की हातातलं टाकून दाराकडं बघायची. "हे पोट्टी पायानं ऐकते," मामाजी म्हणाले. मी त्यांच्यावर अशी काही उखडले, की दोन दिवस बोलले नाही. नंतर डॉक्टरांनी तेच सांगितलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून रडले. मामाजी रडले नाहीत. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि आपली यार्डातली विद्या तिला द्यायला सुरुवात केली.

थांब, चल, ये, हे तीन इशारे तिला दोन दिवसांत आले. त्यांनी डोक्यावर बोटं टेकवली की ती जिथं असेल तिथून धावत यायची आणि मांडीत बसायची, म्हणजे डबा जोडला गेला. मग तिनं आपले इशारे काढले. दुधाचा, मांजरीचा, उन्हाचा. तिचे बाबा म्हणजे नाकावर वर ढकललेला चष्मा. मी म्हणजे दोन बोटांनी कपाळावर पाडलेल्या आठ्या. हे कुणी शोधून काढलं ते विचारायची गरज नव्हती, दोघंही माझ्याकडं बघून हसत होते. तिला किती कळायचं याचा आम्हाला पत्ताच नव्हता. जिन्यावर कोण चढतंय ते तिला फरशीवरून कळायचं. मी रागावणार आहे हे मला कळायच्या आधी तिला माझ्या खांद्यांवरून कळायचं. आणि ती प्रश्न विचारायची. भुवया वर, तळवा उलटा: हे काय, ते कुठं गेलं, मांजर का आली नाही. मामाजी उत्तरं देत बसायचे. दुपारच्या दुपारी दोघांचं हे चालायचं, आवाज न करता, आणि मला ते बघून लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? शेजारीण गॅलरीत आली की मी पडदा ओढून घ्यायचे.

ती तीन वर्षांची असताना रायपूर राजधानी झालं. नवऱ्याला मंत्रालयात जागा मिळाली आणि आम्ही चौबे कॉलनीत वरच्या मजल्यावर आलो. त्या दिवसांत शहरात एकच वारं होतं, की आता सगळं इथंच मिळणार, नागपूरला धावायचं काम नाही. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, रस्ते खोदले गेले, आणि समता कॉलनीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका मॅडमनी वर्ग उघडला. मोठ्या शहरात शिकून आलेल्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. मी त्यांना एकच विचारलं: माझी मुलगी माझ्याशी बोलेल का? बाकी मला काही नको होतं. हुशारी नको, नोकरी नको. माझ्या लेकरानं माझ्याशी बोलावं, एवढंच.

"बोलेगी," मॅडम म्हणाल्या. "पर हाथ खुला रहेगा तो मुँह नहीं खुलेगा."

तेवढं वाक्य मी पदरात बांधून घरी आणलं. त्याच्याबरोबर नियम आले. मुलीनं इशारा केला तर बघायचं नाही, तिचे हात धरून खाली करायचे. तोंडानं मागितल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. ती ओठांकडं टक लावून बघायला लागली तर तोंडापुढं पुठ्ठा धरायचा, म्हणजे ती यंत्रातून ऐकायला शिकेल. ते यंत्र म्हणजे छातीवर बांधायची डबी आणि कानापर्यंत गेलेली वायर. त्यासाठी मी तिच्या प्रत्येक फ्रॉकला खिसा शिवला. रायपूरच्या उन्हाळ्यात घामानं कानात फोड यायचे. मी पावडर लावायचे आणि पुन्हा वायर घालायचे.

आणि घरात एकच भाषा, हिंदी. दोन भाषांनी मूल गोंधळतं, असं मॅडमचं म्हणणं. हे मात्र आमच्यासारख्यांनीच करावं. जिला ना मराठी ऐकू येत होती ना हिंदी, तिच्यासाठी आम्ही घरातली मराठी बंद केली. मी नवऱ्याशी हिंदीत बोलायला लागले, कुकरच्या शिट्या मोजायचे त्याही हिंदीत. धाकटा मुलगा त्यातच वाढला, आणि त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत. आज मी त्याला मराठीत विचारते आणि तो हिंदीत उत्तर देतो. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मामाजी तेवढे म्हणाले होते, की मले हिंदी येते, पन नातीसंगं बोलाले मले कोन्तीच भाषा लागत नाही. मी ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

एक दुपार सांगते. आम्ही जेवायला बसलो होतो. तिला आणखी पोळी हवी होती. पोळीचा तिचा इशारा होता, एका तळव्यावर दुसरा थापायचा. तिनं तो केला. मी तिचे हात खाली केले आणि पोळी तोंडाजवळ धरून म्हटलं, रोटी. तिच्या तोंडून आलं, ओई. पुन्हा म्हटलं, पुन्हा ओई. मी पोळी डब्यात ठेवली. असं किती वेळ चाललं ते आठवत नाही, पण वरण थंड होऊन त्यावर साय धरली होती. तिनं पुन्हा थापायला हात उचलले तेव्हा मी तिच्या बोटांवर चापट मारली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, आमच्या घरात तो हात दाबून दिला जात होता. मामाजींनी आपलं ताट पुढं सरकवलं आणि ते हात धुवायला उठले.

"सूनबाई, लेकराले उपाशी काहून ठेवून राहिली तू?" त्यांनी विचारलं. "ते मागून तं राहिली न."

मी काय बोलले ते मला शब्दानशब्द आठवतं. रागाच्या भरात मराठीत बोलले, तेही माहेरच्या मराठीत. "मामाजी, तुमच्या हातापायी ते जलमभर मुकी राहीन."

खांद्यावरच्या टॉवेलला त्यांनी हात पुसले, खूप वेळ पुसले. त्या दिवसापासून नात समोर आली की ते दोन्ही हात बगलेत दाबून बसायचे. ती त्यांच्यापुढं उभी राहून इशारे करायची, मांजरीचा, दुधाचा, भुवया वर करून प्रश्नाचा. ते खिडकीबाहेर बघायचे. आजोबा रागावलेत असं तिला वाटलं असणार. तिला खरं कारण सांगायला आमच्याकडं भाषा कुठं होती? जी होती ती मीच बंद केली होती. काही दिवसांनी तिनं त्यांच्यापुढं जाणं सोडलं, आणि मी मॅडमना आनंदानं सांगितलं, की घरातले इशारे संपले.

तोंड उघडलं, हे खरं. माझी मेहनत होती. 'प' म्हणताना ओठांपुढं धरलेला कागद हलला पाहिजे, 'ग' म्हणताना तिचा हात माझ्या गळ्यावर. आठव्या वर्षी ती वाक्यं म्हणायला लागली. नव्या राजधानीत समारंभांना तोटा नव्हता, आणि मॅडमच्या वर्गातली पोरं प्रत्येक समारंभात उभी केली जायची. माझ्या लेकीनं एका बड्या पाहुण्यापुढं स्वागताच्या चार ओळी म्हटल्या. पाहुणा विरघळला. त्यानं खाली वाकून विचारलं, बेटा, खाना खाया? तिनं उत्तरादाखल स्वागताची दुसरी ओळ पुन्हा म्हटली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. तिच्याकडं शब्द होते ते सगळे उत्तरांचे होते, आणि तीही पाठ केलेली. मामाजींच्या मांडीवर दिवसभर प्रश्न विचारणारी पोर आमच्या हिंदीत एकही प्रश्न विचारत नव्हती. हे मला तेव्हा दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी त्याला शिस्त म्हटलं असतं.

ती दहा वर्षांची होती तेव्हा मामाजींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणून त्यांना पुढच्या खोलीत ठेवलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी लेक शाळेतून आली आणि खाटेजवळ उभी राहिली. मामाजींनी तिच्याकडं बघितलं आणि डावा हात उचलला. डोक्याच्या वर नेला, बोटं वाकवली, आणि तिथंच धरून ठेवला. उजवा हात चादरीवर पडलेला होता, त्याच्याकडं एकदा बघून त्यांनी डावा आणखी वर ताणला. मला वाटलं, डोकं दुखतंय, नाहीतर घसा कोरडा पडलाय. मी तो इशारा शेकडो वेळा पाहिलेला होता, पण एका हाताचा अर्धा होता म्हणून मला ओळखू आला नाही. बघायचं नाही असं इतकी वर्षं ठरवलेलं, त्याचंही ते फळ असेल.

लेकीनं आधी माझ्याकडं बघितलं. मी तिच्या खांद्याला हात लावून, ओठ नीट हलवत म्हटलं, पूछो, क्या चाहिए. मुँह से. तिचे हात बाजूला ताठ झाले. समारंभात उभी राहायची तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "दादाजी, पानी चाहिए?"

तिच्या आयुष्यातला तो तोंडानं विचारलेला पहिला प्रश्न. नवऱ्याचे डोळे भरून आले. माझेही आले. मी चमच्यानं मामाजींना पाणी पाजलं, त्यांनी ते गिळलं, आणि हात खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी तो पुन्हा उचलला नाही. त्याच आठवड्यात ते गेले. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांना मी ही गोष्ट सांगितली, आणि पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले: मुक्या नातीचा आवाज कानात घेऊन मामाजी गेले म्हणून. ऐकणाऱ्या बाया डोळे पुसायच्या. तिला आता यार्डातलं काही आठवत नाही, हेही मी अभिमानानं सांगायचे.

कॉलेजात गेल्यावर लेक संध्याकाळी उशिरा यायला लागली. एकदा तिच्या मागं मी तेलीबांध्याच्या तलावावर गेले. काठाच्या रेलिंगपाशी दहा-बारा मुलंमुली घोळका करून उभी होती, आणि सगळ्यांचे हात चालू होते. त्यांत माझी लेक होती. मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं. ती काहीतरी सांगत होती, लांबलचक, मध्येच कुणाची नक्कल करत होती, आणि बाकीचे पोट धरून हसत होते. घरी ती दिवसाला पंधरा-वीस वाक्यं बोलायची: खाना हो गया, कल छुट्टी है. मी भाजीच्या पिशवीसह झाडामागं उभी राहून माझ्या मुलीकडं परक्यासारखं बघत होते, आणि ती काय सांगतेय यातलं अक्षर मला कळत नव्हतं. तिथल्याच एका मुलाशी तिनं पुढं लग्न ठरवलं. मुलगा बीरगावचा, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला, जन्मतः बहिरा, तोंडानं एक शब्द येत नाही. मी आदळआपट केली. एवढं बोलायला शिकवलं ते मुक्याच्या घरी जायला का, असं मी तिला विचारलं. तिनं माझे ओठ शेवटपर्यंत वाचले आणि खोलीत निघून गेली. लग्न झालंच.

तिच्या सासूची कारखान्याच्या गेटाबाहेर चहाची टपरी आहे. बाई छत्तीसगढी, शाळेचं तोंड न पाहिलेली. मुलाला ना यंत्र मिळालं ना मॅडम. त्यामुळे तिला कुणी सल्लाही दिला नाही. ती त्याच्याशी हातांनी बोलत राहिली, तो तिच्याशी, आणि मोठा होऊन तो तलावावरून जी भाषा शिकून आला ती त्यानं आईला शिकवली. कशी शिकलात, असं मी पहिल्या भेटीत विचारलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "मोर लइका हे, एमा सीखे के का बात हे?" म्हणाली. आपलंच लेकरू, त्यात शिकायचं काय.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी लेकीच्या सासरी गेले होते. सासू-सुना अंगणात लाल भाजी निवडत होत्या. हात भाजीत असूनही बोलणं थांबत नव्हतं, भुवयांनी, कोपरांनी, देठ हातात धरूनच. मला खुर्ची दिली होती. पाहुण्याला देतात तशी, जरा बाजूला. त्या दोघी कशावर तरी हसल्या. मी सासूला विचारलं, काय म्हणाली ती? बाईनं मला सांगितलं. माझ्या पोटच्या पोरीचं बोलणं मला दुसरीनं समजावून दिलं. मला ते झोंबलं. फार झोंबलं. आपणही या मुलीसाठी काही केलंय हे त्या बाईला दाखवावं म्हणून मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली: मामाजींचा झटका, ते खाटेवर, आणि माझ्या दहा वर्षांच्या लेकीनं तोंडानं विचारलेलं पानी चाहिए. लेक खाली बघून देठ मोडत होती, त्यामुळे आमचं बोलणं तिला दिसत नव्हतं.

बाईचा हात थांबला. हव, जानथंव, म्हणाली. तिला माहीत होतं, सुनेनं तिला सांगितलं होतं. मला नाही, तिला. मग तिनं मान वर न करता, अगदी साधेपणानं, मला अजून ठाऊक नसावं असं वाटून पुढचं सांगितलं.

"ओ ह जान गे रिहिस, बबा बलावत हे. फेर तुमन ला देख के डर्रा गे."

आजोबा बोलावताहेत हे तिला कळलं होतं. पण मला बघून ती घाबरली. ती काहीच विसरली नव्हती. एका हाताचा अर्धा इशारा तिला पुरला होता, आणि त्या खाटेपाशी जायला तिला फक्त माझी परवानगी हवी होती. ती मागायला तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी तिला पाणी विचारायला लावलं.

मी उठायला गेले आणि खुर्ची जमिनीवर खरडली. लेकीनं मान वर केली. तिनं सासूचा चेहरा बघितला, माझा बघितला, आणि हातातली भाजी टोपलीत टाकली.

"क्या हुआ, मम्मी?" तिनं विचारलं. एकेक अक्षर स्वच्छ.

तिला कळावं म्हणून मी ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाले, "कुछ नहीं."